वाचकांचे प्रश्न : समुद्रावरचा व्यायाम आणि भरतीचे वेळापत्रक

प्रश्न : मी पुण्यात शिकतो आणि एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत गुहागरला घरी असतो. मुंबईहून सुट्टीला येणारे दोन मित्र, गावातले तिघे आणि मी असे सहा जण गेली दोन वर्षे रोज सकाळी सहा वाजता समुद्रावर व्यायाम करण्याचे ठरवतो. पहिले सात-आठ दिवस धावणे, जोर, बैठका सगळे उत्साहाने होते. मग पोटऱ्या दुखू लागतात, एकेक जण येईनासा होतो आणि पंधरवड्यानंतर मी एकटाच उरतो. यंदा हा नेम टिकावा म्हणून काय करावे?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : तुमच्या मित्रांना आळशी ठरवण्याआधी तुमच्याच पत्रातल्या ‘सात-आठ दिवस’ या शब्दांकडे पाहावे, अशी माझी विनंती आहे. सकाळचे सहा हे रोज तेच असतात, पण त्या वेळचा समुद्र रोज तोच नसतो. पूर्ण भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आठवड्याभरात किनारा पूर्ण पालटतो. तुम्ही सुरुवात पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या सुमारास केली असावी, असा माझा अंदाज आहे. त्या दिवसांत पहाटे पाणी दूर आत गेलेले असते आणि धावायला ओली, टणक, सपाट वाळू मिळते. आठ दिवसांनी त्याच वेळी पाणी वर चढलेले असते आणि तुम्ही सुरूच्या झाडांपाशी भुसभुशीत कोरड्या वाळूत तेवढेच अंतर, त्याच वेगाने धावण्याचा प्रयत्न करता. पोटऱ्या दुखणारच.

हा फरक किती मोठा असतो, हे मोजलेले आहे. बेल्जियममधील संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार मऊ वाळूत धावताना टणक जमिनीच्या सुमारे १.६ पट शक्ती खर्च होते आणि चालताना तर दुपटीहूनही अधिक. पाय रेटला की वाळू सरकते, त्यामुळे रेट्याचा बराचसा भाग शरीर पुढे नेण्याऐवजी वाळू हलवण्यातच संपतो. शिवाय टाच खोल रुतल्याने पोटरी आणि टाचेमागची जाड शीर यांच्यावर वाढीव ताण येतो. म्हणजे व्यायाम दीडपटीहून अधिक झाला, आणि तो वाढवल्याचे तुमच्यापैकी कोणाच्या ध्यानातही आले नाही.

यावरचा उपाय आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ आहे. दिनदर्शिकेतील तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून त्या दिवशी सकाळी सहाच्या आणि पुन्हा संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास भरती असते. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून त्याच्या सहा तास आधी, पहाटे सव्वापाचच्या आसपास, पूर्ण ओहोटी असते. यातून एक गोष्ट उघड होते, जी बाहेरून आलेल्या माणसाला सहसा सुचत नाही : सकाळी वाळू मिळाली नाही तर संध्याकाळी जाऊ, हा बेत अष्टमीच्या आसपास फसतो, कारण त्या दिवसांत पाणी दोन्ही वेळा भरलेलेच असते. भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे, दिवस असल्याने भरती उधाणाइतकी वर चढत नाही हे खरे, परंतु टणक वाळूची पट्टी तरीही अरुंदच राहते.

तेव्हा सहाची वेळ बदलू नका, व्यायाम बदला. साधारण चतुर्दशीपासून तृतीयेपर्यंतचे दिवस धावण्यासाठी राखून ठेवावेत. अष्टमी ते एकादशी या काळात धावणे जवळजवळ बंद ठेवून कोरड्या वाळूत जोर, बैठका, लंगडी, एकमेकांना पाठीवर घेऊन वीस-पंचवीस पावले चालणे, असे जागच्या जागी किंवा थोडक्या अंतरात होणारे प्रकार करावेत. मधल्या दिवशी समुद्रावर पोहोचल्यावर पाहून ठरवावे. त्याची खूण सोपी आहे. ओल्या वाळूवर पाऊल टाकताच भोवतालची वाळू क्षणभर कोरडी आणि पांढुरकी दिसली, आणि पाऊल उचलल्यावर ठसा जेमतेम उमटलेला असला, तर ती वाळू धावण्याजोगी आहे. टाच बोटभर रुतत असेल, तर त्या दिवशी धावू नये. धावताना किनाऱ्याचा उतार एकाच बाजूला असतो, म्हणून जेवढे अंतर जाल तेवढेच त्याच रेषेतून परत या, म्हणजे दोन्ही पायांवर सारखा भार पडेल.

आता मित्रांविषयी. सहा जणांचा वेग सारखा असणे शक्य नाही, आणि मागे पडणारा माणूस चार दिवस धापा टाकत इतरांची पाठ पाहतो नि पाचव्या दिवशी अंथरुणातच राहतो. म्हणून अंतर ठरवू नका, वेळ ठरवा. सर्वांनी एकदम निघावे, ज्याने त्याने आपल्याला झेपेल तसे धावावे आणि बारा मिनिटांनी शिटी वाजताच जिथे असाल तिथून मागे फिरावे. वेग कायम राखला तर सगळे जवळजवळ एकाच वेळी निघाल्या जागी परततात. मुलांकडून सराव करून घेताना गट टिकवण्यासाठी याहून उपयोगी काही मला आजवर सापडलेले नाही.

मुंबईहून येणाऱ्या दोघांना पहिल्याच दिवशी पूर्ण व्यायाम करायला लावू नका, विशेषतः ते दिवसभर वातानुकूलित खोलीत बसून काम करत असतील तर. दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याखेरीज अंग थंड होत नाही, त्यामुळे पारा ३२-३३ अंशांवर असला तरी शरीराला तो जास्त जाचतो. अशा हवेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. पहिला आठवडा त्यांनी निम्माच व्यायाम करावा आणि सर्वांनीच साडेसातच्या आत आटोपावे. नंतर कोकम सरबत मीठ घालून किंवा ताक प्यावे. शहाळे उत्तमच, पण त्यात मीठ फार कमी असते आणि घामातून मीठच जास्त जाते, म्हणून शहाळ्याबरोबर काही खारट खावे. कोणी असंबद्ध बोलू लागला, लडखडला किंवा त्याला वांत्या होऊ लागल्या, तर ती थकव्याची गोष्ट समजू नका : सावलीत आणून अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ वर दूरध्वनी करा.

आणखी एक गोष्ट, व्यायामाबाहेरची असली तरी माझ्या जिवाची. गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात आणि मे महिन्यातही पिल्ले समुद्राकडे जात असतात. अंधारात विजेऱ्या घेऊन धावू नका, उजाडू द्या. आणि कुंपण घातलेल्या जागेजवळ बैठका मारू नका.

प्रश्न : आम्ही पन्नाशीच्या आसपासच्या पाच मैत्रिणी रत्नागिरीत भाट्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी चालतो. अनवाणी चालणे चांगले असे सगळे सांगतात. आमच्यातील एकीला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. तिनेही अनवाणी चालावे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही, त्यांनी अनवाणी चालू नये. दीर्घकाळच्या मधुमेहात तळपायाची संवेदना हळूहळू कमी होऊ शकते, त्यामुळे शिंपल्याची धार, जाळ्यातून सुटलेला गळ किंवा तापलेली वाळू यांनी झालेली जखम कळतच नाही आणि चिघळते. त्यांनी बंद, मऊ तळव्याची पादत्राणे घालावीत, वाळू आत गेल्यास लगेच झटकावी आणि घरी गेल्यावर दोन्ही तळवे व बोटांच्या बेचक्या उजेडात तपासाव्यात. बाकीच्या चौघींनी अनवाणी चालायला हरकत नाही, मात्र सुरुवात दहा मिनिटांपासून आणि ओल्या वाळूतच करावी. पण माझे मन सांगते की चौघींनीही मैत्रिणीसाठी पादत्राणे घालावीत. एकटीलाच वेगळे करावे लागले की माणूस ते टाळू लागतो, आणि इथे ते टाळणे परवडणारे नाही.

प्रश्न : मेअखेरीस समुद्र खवळू लागतो. त्यानंतर आमच्या गटाने व्यायाम कुठे करावा? पोहणे सुरू ठेवले तर चालेल का?
— एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : पोहणे थांबवा. जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक नौकांची मासेमारीही बंद असते, आणि ज्यांचे पोट समुद्रावर आहे ते या काळात होड्या वर ओढून ठेवतात, एवढे कारण पुरेसे आहे. लाटा वाळू आत ओढून नेतात आणि गुडघाभर पाण्यातही पायाखालची जमीन सरकते. पहिल्या पावसापूर्वी गावातल्या पाखाड्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटा, चढण्या-उतरण्यासाठी उत्तम आहेत : चढताना वेगाने, उतरताना सावकाश, आणि एका वेळी आठ-दहा फेऱ्यांपेक्षा जास्त नाही. पाऊस लागला की दगडांवर शेवाळ धरते, मग पाखाडी सोडून सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळी पठारावरच्या, डांबरी रस्त्याने चालावे, आणि विजा चमकू लागल्या तर सडाही सोडून कोणाच्या तरी पडवीत सूर्यनमस्कार घालावेत.