ज्याने 'किंडरगार्टन' हे नाव दिलं, त्याने मुलांच्या हातात वही दिली नव्हती

तुम्ही विचारलंय, की फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने किंडरगार्टन काढलं ते मुलांची लिहिण्या-वाचण्याची तयारी लवकर व्हावी म्हणूनच ना? मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, सहा महिन्यांत शाळेने एक अक्षर लिहून घेतलेलं नाही, तर शाळा बदलू का?

नाही, त्यासाठी काढलं नव्हतं. हे ठासून सांगते, कारण याच गोष्टीवरून मी एकदा नोकरी सोडली आहे.

१९९४ साली मी नाशिकमध्ये एका शाळेच्या शिशुवर्गावर होते. नाव सांगत नाही. वर्गात बत्तीस मुलं. अभ्यासक्रमात फ्रोबेल वाचलेला होता, म्हणून ओळखीच्या सुताराकडून सागाच्या तुकड्यांचे एकेक इंचाचे ठोकळे करून घेतले. आठ ठोकळ्यांचा एक संच, वर सरकत्या झाकणाची पेटी. फ्रोबेल आपल्या खेळसाहित्याच्या संचांना 'देणगी' म्हणे, ही त्यातली तिसरी. पहिली म्हणजे लोकरीचे सहा रंगीत चेंडू, दुसरी लाकडी गोल, घन आणि दंडगोल. तिसऱ्या देणगीत एकच मोठा घन असतो, पण आठ तुकड्यांत कापलेला.

ही पेटी मुलासमोर कशी ठेवायची, यालाही रीत आहे. पेटी टेबलावर उपडी करायची, खालून झाकण हळूच सरकवून काढायचं आणि पेटी सरळ वर उचलायची. मुलाला आधी अख्खा घन दिसला पाहिजे. मग तो फोडायचा. आणि काहीही बांधलं तरी आठही ठोकळे वापरायचे, एकही बाजूला पडू द्यायचा नाही. नवं काही करायचं तर आधीचं पाडायचं नाही, त्यातच सरकवत सरकवत बदल करत जायचं.

वर्गात एक मुलगा होता, जूनपासून दिवाळीपर्यंत एक शब्द बोलला नव्हता. आई सोडून गेली की खिडकीपाशी उभा. त्याच्यासमोर पेटी उचलली, तर तो बराच वेळ नुसता बघत राहिला. मग दोन्ही तळहातांनी घन मधोमध दुभागला. परत जोडला. परत दुभागला, या वेळी आडवा. मग चार-चारचे दोन-दोन केले. आठही ठोकळे ओळीत लावले, बोटाने एकेक दाबत गेला आणि शेवटच्यावर बोट ठेवून म्हणाला, "बाई, गाडी आली." माझ्या कानांनी ऐकलेलं त्याचं हे पहिलं वाक्य. त्याला आकडे येत नव्हते, पण एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ आणि आठांचा परत एक, हे त्याच्या हाताला कळलं होतं. पुढे चौथी-पाचवीत अपूर्णांकांपाशी अडणारी मुलं पाहिली की मला ते दोन तळहात आठवतात.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापिका वर्गात आल्या, वह्या मागितल्या. वह्या कोऱ्या होत्या. पुढच्या पालकसभेत एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, फी कशाची घेता, ठोकळे तर घरीही आहेत. मी उत्तर द्यायला उभी राहिले तर मला बसवलं. सोमवारी पेट्या कपाटात गेल्या, कपाटाला कुलूप लागलं आणि चार रेघी वह्यांचा गठ्ठा टेबलावर आला. रोज दोन पानं 'अ' गिरवायची. साडेतीन वर्षांच्या पोराची बोटं पेन्सिल धरून पांढरी पडतात, नीट बघा कधी. मार्चपर्यंत कशीबशी राहिले.

त्या गृहस्थांना तेव्हा जे सांगायचं राहिलं, ते तुम्हाला सांगते.

फ्रीडरिश फ्रोबेल १७८२ साली जर्मनीच्या थुरिंगिया भागातल्या ओबरवाइसबाख गावी एका पाद्र्याच्या घरी जन्मला. नऊ महिन्यांचा असताना आई गेली. पोरगेपणी जंगलखात्याच्या माणसाकडे उमेदवारी केली, पुढे स्वित्झर्लंडमध्ये इव्हरडन इथे पेस्टालॉत्सी या शिक्षणतज्ज्ञाच्या शाळेत दोन वर्षं राहून आला, बर्लिनमध्ये स्फटिकशास्त्र शिकला. ठोकळे कुठून आले याचं उत्तर इथे आहे: स्फटिक जसा आतल्या नियमाने वाढतो तसं मूल आतून वाढतं, असं त्याला वाटे. १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग या लहानशा गावी त्याने पोरांच्या खेळासाठी संस्था काढली आणि १८४० साली तिला 'किंडरगार्टन' म्हटलं. मुलांची बाग. मुलांना खरोखरच स्वतःचे वाफे असत, त्यात ती पेरत, पाणी घालत. शाळा हा शब्द त्याने मुद्दाम टाळला होता. आपल्याकडे त्याच शब्दाचं 'केजी' झालं, त्याला ज्युनिअर-सिनिअर लागलं आणि प्रवेशासाठी तीन वर्षांच्या पोराची मुलाखत सुरू झाली.

या बागेची भीती सरकारलाही वाटली. ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशिया या तेव्हाच्या बड्या जर्मन राज्याच्या शिक्षणमंत्र्याने किंडरगार्टनवर बंदी घातली. आरोप होता समाजवाद आणि नास्तिकपणाचा. त्यात कार्ल फ्रोबेल या पुतण्याचे विचार काकाच्या नावावर घातलेले. म्हाताऱ्याने चौकशी करा म्हणून विनवण्या केल्या, कोणी ऐकलं नाही आणि पुढच्या जूनमध्ये तो गेला. बंदी उठली १८६० साली. हे काम तगवलं ते बायकांनी. फ्रोबेलच्या पाठीराख्या बेर्टा फॉन मारेनहोल्ट्स-ब्यूलोव देशोदेशी व्याख्यानं देत फिरल्या. शिक्षक म्हणजे पुरुषच, अशा काळात फ्रोबेलने बायकांना रीतसर प्रशिक्षण देऊन उभं केलं होतं. शिशुवर्गाच्या बाईला आयाबाईसारखं वागवणाऱ्या संस्थाचालकांनी हे वाचावं.

माझी मुलगी येनाला असते. २०१७ साली तिच्याकडे गेले तेव्हा हट्टाने बाड ब्लांकेनबुर्गला जाऊन आले. तिथल्या फ्रोबेल संग्रहालयात काचेआड ती पेटी होती, सरकत्या झाकणाची. आमच्या सुताराने केलेली अगदी तशीच होती. मी रडले, मुलगी गडबडली. माझी नात तिथल्या बालवाडीत पाच वर्षांची होईपर्यंत चिखलात खेळली, सहाव्या वर्षी पहिलीत गेली आणि त्याच वर्षी वाचू लागली.

आता दोन गोष्टी राहिल्या, त्याही सांगते. गोल म्हणजे विश्वाची एकात्मता वगैरे फ्रोबेलचं तत्त्वज्ञान मला कधी पचलं नाही, आणि त्याच्या मागून आलेल्यांनी देणग्यांची कवायत करून टाकली हेही खरं. जर्मनीत आज सगळीकडे हे ठोकळे वापरतात असं नाही, आणि तिथे बऱ्याच राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या करतात, ते मला मुळीच पटत नाही. दुसरं, मॉंटेसरीच्या वर्गात मूल चार वर्षांचं असतानाही लिहू लागतं, पण आधी खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवून, स्वतःच्या ओढीने. आपल्याकडच्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरजवळच्या कोसबाडला शिंपले, बिया, खडे घेऊन तेच उभं केलं. त्याला माझा विरोध नाही. घरात गोष्टी वाचून दाखवा, भरपूर वाचा. विरोध आहे तो गिरवून घेण्याला.

शाळा बदलायची की नाही हे इथून कसं सांगू? एकदा वर्ग भरलेला असताना जाऊन बसा. वह्या मागू नका. ठोकळ्यांचं कपाट कुठे आहे ते विचारा आणि मुलांचा हात तिथपर्यंत पोचतो का, त्याला कुलूप आहे का, ते बघा.