'एटिओलेशन' या शब्दाचा नेमका अर्थ काय?

गवतावर आठवडाभर पडून राहिलेली वीट उचलून पाहा. खालची पाती पिवळट-पांढरी आणि लुळी पडलेली दिसतील. हेच एटिओलेशन. उजेडाशिवाय हरितद्रव्य तयार होत नाही, म्हणून रंग उडतो.

शब्दकोशात 'फिकटपणा, खुंटलेली वाढ' असा अर्थ मिळतो, पण त्यातल्या 'खुंटलेली'ने फसू नका. खुरटी राहतात ती पानं. खोड उलट उजेडाच्या शोधात लांबलचक, किडकिडीत वाढतं. कुंडी खिडकीत आणली की नवी पानं हिरवी येतात, लांबलेलं खोड मात्र तसंच राहतं. पांढरा अ‍ॅस्परॅगस तर मुद्दाम मातीखाली झाकून असा वाढवतात.

माणसाबद्दल किंवा लेखनाबद्दल वापरला, तर अर्थ होतो निस्तेज, जोम हरवलेलं. मला तिथे 'निस्तेज' हाच सगळ्यात जवळचा शब्द वाटतो.