अमर खरे, पण अवीट?

प्रश्न आला आहे तो असा : ‘स्वर्गातील अवीट सुख’ यातला ‘अवीट’ म्हणजे कधीही न संपणारं, असंच ना? की तेच ते सुख भोगूनही देवांना कंटाळा येत नाही, असं सुचवायचं आहे?

दुसरा अर्थ बरोबर. फक्त ‘कंटाळा’ जरा बाजूला ठेवू. अवीट म्हणजे ज्याचा वीट येत नाही ते. न संपण्याशी त्याचा संबंध नाही. क्षणभराची एखादी लकेरही अवीट असते. आणि वीट म्हणजे नुसता कंटाळा नव्हे. अभ्यासाचा कंटाळा पुस्तक उघडण्याआधीच येतो. वीट यायला मात्र आधी गळ्याशी येईपर्यंत व्हावं लागतं. मे महिनाभर रोज आमरस झाला की जूनच्या तोंडावर वाटी पुढे सरकवताना जे वाटतं, तो वीट. (हा वीट पुल्लिंगी. ‘वीट आली’ म्हणालात तर ऐकणारा बांधकामाची चौकशी करेल.) क्रियापद विटणे. रंग विटतो तसंच मनही विटतं.

आता देव. अमरकोशात, म्हणजे संस्कृतातल्या जुन्या शब्दकोशात, त्यांची नावं ‘अमर’, ‘निर्जर’ अशी सुरू होतात : मरण नाही, म्हातारपण नाही. स्वर्गाचं एक नाव ‘नाक’, म्हणजे न अक, जिथे दुःख नाही. सगळी नकारांची यादी, पण वीट येणार नाही याची हमी त्यात कुठल्याच शब्दात नाही. त्यात स्वर्गासाठीचा ‘स्वर्’ हा शब्द तर व्याकरणात अव्यय. त्याचं रूपसुद्धा बदलत नाही!

माणसाची तिथे सोय आहे. गीतेच्या ९व्या अध्यायात सांगितलंय तसं, पुण्य सरलं की तो मर्त्यलोकी परत. पाहुण्याला विटायला वेळच कुठे मिळतो? अडचण कायमच्या रहिवाशांची. तुकोबांच्या एका अभंगात तर स्वर्गीचे अमर चक्क मृत्युलोकात जन्म मागतात, नाम घ्यायला आणि कीर्तनात गायला. ते स्वर्गाला विटले असं तुकोबा म्हणत नाहीत. पण ताट भरलेलं असताना शेजारच्या घरातल्या भाकरीचा वास येऊ लागला, तर मी त्याला विटण्याची सुरुवातच म्हणेन.

तेव्हा तुमच्या वाक्यात शब्दाची चूक नाही. तरी देवांच्या सुखाला मी ‘अक्षय’ म्हटलं असतं, आणि ‘अवीट’ त्या कीर्तनासाठी राखून ठेवला असता.