फ्लॉपी नाही, सीडीवरून बूटही नाही: विंडोज ९८ वरून एक्सपीवर कसं जायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुना लॅपटॉप, त्यावर विंडोज ९८ सेकंड एडिशन नीट चालतंय, मेमरी १२८ एमबी, डिस्क १० जीबी. फ्लॉपी ड्राइव्ह नाही. सीडी ड्राइव्ह आहे आणि विंडोजमध्ये सीडी वाचतोही, पण बायोसच्या (यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा मूळ प्रोग्राम) बूट क्रमात सीडीचं नावच नाही. एक्सपी किंवा २००० टाकायचं आहे, आणि जिथे पाहावं तिथे पहिली पायरी 'सहा बूट फ्लॉप्या तयार करा' हीच.

फ्लॉपी लागत नाही. तिचं काम मुळात काय ते बघा: यंत्र उठवायचं, डिस्क आणि सीडी ओळखणारे ड्रायव्हर मेमरीत आणायचे आणि सेटअपला त्याच्या फायलींपर्यंत पोचवायचं. विंडोज २००० ला त्यासाठी चार फ्लॉप्या लागत, एक्सपीला सहा. पण ही सगळी सोय रिकाम्या यंत्रासाठी. तुमचं यंत्र रिकामं नाही. चालू असलेलं विंडोज ९८ हीच तुमची फ्लॉपी. म्हणून नियम एकच: नवी प्रणाली डेस्कटॉपपर्यंत पूर्ण उठेस्तोवर सी ड्राइव्ह फॉरमॅट करायचा नाही आणि एफडिस्कला (डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, पाडणारा जुना प्रोग्राम) हात लावायचा नाही. अशी यंत्रं बहुतेक इथेच अडकतात. 'कोऱ्या डिस्कवर टाकलेलं बरं' म्हणून आधी फॉरमॅट मारला जातो आणि मग आत शिरायला दारच उरत नाही.

(खालच्या आज्ञा आणि फोल्डरांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि आकडे.)

आधी एक खात्री करून घ्या. सीडीवरून बूट होत नाही म्हणजे बायोस करत नाही, की सीडीच तशी नाही? मूळ सीडीतल्या फायली नुसत्या ओढून दुसऱ्या सीडीवर लिहिल्या, तर त्या सीडीला बूट सेक्टर (यंत्र उठवणारा सुरुवातीचा भाग) येत नाही. ती कुठल्याच यंत्रावर बूट होणार नाही. दुसऱ्या संगणकावर लावून 'कोणतीही कळ दाबा' ही ओळ येते का ते बघा. तिथेही येत नसेल तर दोष तुमच्या लॅपटॉपचा नाही. मात्र पुढच्या पद्धतीला सीडी बूट होण्याची गरज नसते, फायली पूर्ण असल्या की झालं.

आता तयारी. एक्सपीची किमान मागणी २३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, ६४ एमबी मेमरी आणि दीड जीबी जागा. १२८ एमबीवर एक्सपी चालतं, पण रडतरखडत. विंडोज २००० ला १३३ मेगाहर्ट्‌झ आणि ६४ एमबी पुरतं, आणि तुमच्याएवढ्या मेमरीत ते स्पष्टपणे हलकं वाटतं. एखादा प्रोग्राम एक्सपीच मागत असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर माझं मत २००० च्या बाजूने. पायऱ्या दोन्हींच्या सारख्याच आहेत. दोन्हींचा सुरक्षा-दुरुस्त्यांचा पुरवठा कधीच थांबलाय (२००० चा जुलै २०१० मध्ये, एक्सपीचा एप्रिल २०१४ मध्ये), त्यामुळे हे यंत्र इंटरनेटपासून लांबच ठेवा.

सी वर निदान ३ जीबी मोकळी करा. स्वतःच्या फायलींची प्रत दुसरीकडे काढा. अँटिव्हायरस आणि सीडी लिहिण्याचं सॉफ्टवेअर पूर्ण काढून टाका; निव्वळ बंद करून भागत नाही, कारण त्यांचे खालच्या थरातले ड्रायव्हर अपग्रेडनंतर तसेच राहतात आणि पहिल्या सुरुवातीलाच यंत्र गोठवतात. डिस्प्ले, साउंड, मोडेम आणि नेटवर्क कार्डाचे नव्या विंडोजचे ड्रायव्हर आत्ताच मिळवून सी वर एका फोल्डरात ठेवा. नेटवर्क कार्डाचा तर नक्कीच, नाहीतर तो आणायलाच नेटवर्क लागेल अशी गत होते.

मग सीडीतला आय३८६ हा फोल्डर त्याच्या उपफोल्डरांसकट सी च्या मुळाशी कॉपी करा. एक्सपीचा हा फोल्डर साधारण ५०० एमबीचा असतो. त्यात विन९एक्सअपीजी नावाचा उपफोल्डर दिसला पाहिजे. ९८ वरून अपग्रेड करण्याची यंत्रणा त्यातच असते. तो नसेल तर त्या सीडीवरून जुनं विंडोज अपग्रेड होणार नाही, फक्त नवी स्थापना होईल. यंत्राबरोबर आलेल्या ओईएम (उत्पादकाने दिलेल्या) सीड्यांचं बहुधा असंच असतं.

सीडीवरून थेट सेटअप न चालवता आधी कॉपी का? एक तर सीडी ओरखडलेली असेल किंवा ड्राइव्हची भिंग-बाजू थकलेली असेल, तर वाचनाची चूक आत्ता कळते, जुनं विंडोज शाबूत असताना. दुसरं, मध्येच यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर नव्या सेटअपला तुमचा सीडी ड्राइव्ह ओळखता आला नाही तरी काही बिघडत नाही. कॉपी करताना एखाद्या फायलीवर अडलं तर 'वगळा' म्हणून पुढे जाऊ नका. सीडी पुसा, दुसऱ्या यंत्रावर वाचून बघा. तिथे वाचली जात असेल आणि इथे दरवेळी वेगळ्याच फायलीवर अडत असेल, तर संशय मेमरीच्या पट्टीवर घ्यायचा.

सेटअपच्या प्रोग्रामचं नाव विनएनटी३२. आता ही आज्ञा 'रन' मधून द्या:

सी:\आय३८६\विनएनटी३२ /चेकअपग्रेडओन्ली

याने काहीही बसत नाही, फक्त अहवाल मिळतो: कुठलं हार्डवेअर चालणार नाही, कुठला प्रोग्राम आधी काढावा लागेल. तो खरंच वाचा. त्यानंतर त्याच फोल्डरातून विनएनटी३२ कुठल्याही जोडणीशिवाय, म्हणजे पुढे '/' चा भाग न लिहिता, चालवा. नावातला ३२ महत्त्वाचा आहे: विनएनटी३२ चालत्या विंडोजमधून चालतं, नुसतं विनएनटी डॉसमधून.

पहिल्याच पडद्यावर अपग्रेड की नवी स्थापना हे विचारलं जाईल. अपग्रेडमध्ये प्रोग्राम आणि सेटिंग टिकतात, पण ९८ चा कचराही बरोबर येतो. नव्या स्थापनेत प्रोग्राम पुन्हा टाकावे लागतात. नवी स्थापना निवडलीत तर प्रगत पर्यायांत जाऊन 'पार्टिशन मला निवडू द्या' यावर खूण करा. पुढे निळ्या पडद्यावर सी निवडायचा आणि 'आहे ती फाइल सिस्टिम तशीच ठेवा' म्हणायचं. ज्या पार्टिशनवर सेटअपच्या तात्पुरत्या फायली आहेत ते पार्टिशन सेटअप पुसू देत नाही; फांदीवर बसून फांदी तोडू देत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्या संदेशाला बिघाड समजू नका.

या टप्प्यात सेटअप डिस्कवर दोन फोल्डर बनवतं. नावं विचित्र आहेत, डॉलरच्या चिन्हाने सुरू होतात आणि शेवटी बीटी आणि एलएस येतं. बीटी म्हणजे त्या सहा फ्लॉप्यांवर जे असतं तेच, डिस्कवर उतरवलेलं. एलएस म्हणजे सीडीची स्थानिक प्रत. शिवाय बूट.आयएनआय मध्ये (सुरू होताना दिसणाऱ्या यादीची फाइल) 'विंडोज सेटअप' अशी ओळ जाते आणि जुन्या विंडोजचीही ओळ राहते. त्यामुळे पुढचा निळा पडदा अडकला तर एफ३ दाबून बाहेर पडा, पुन्हा सुरू करा आणि यादीतून जुनं विंडोज निवडा. परतीची वाट इथपर्यंत उघडी असते. अपग्रेडमध्ये फायली बदलायला लागल्या की मात्र मध्येच परतण्याची ही वाट बंद. चार्जर लावूनच बसा. जुन्या बॅटरीच्या भरवशावर हे काम करायचं नसतं.

फाइल सिस्टिम (डिस्कवर फायली मांडण्याची पद्धत) ९८ च्या फॅट३२ वरून नव्या एनटीएफएसवर नेण्याची घाई नको. ९८ वरून केलेलं एक्सपी अपग्रेड नंतर काढून ९८ परत आणता येतं, पण डिस्क एनटीएफएसमध्ये बदलली की ती सोय जाते. २००० मध्ये ही सोय नाहीच. दुसरं कारण वेगाचं: ९८ ने फॉरमॅट केलेलं फॅट३२ पार्टिशन जागच्या जागी बदललं की क्लस्टर (फायली साठवायचे डिस्कवरचे लहान तुकडे) बहुधा ५१२ बाइटचे होतात आणि आधीच मंद असलेली डिस्क आणखी तुकड्यातुकड्यांत वाचली जाते. १० जीबीच्या डिस्कवर फॅट३२ ने काही अडत नाही.

विंडोज ९८ चा डेस्कटॉपच उठत नसेल पण डिस्क ठीक असेल, तर सुरू होताना कंट्रोल कळ दाबून धरा आणि यादीतून 'कमांड प्रॉम्प्ट ओन्ली' घ्या. मग क्रमाने:

सी:\विंडोज\स्मार्टड्राइव्ह (टाइप करताना एसएमएआरटीडीआरव्ही, एवढीच अक्षरं)
सीडी \आय३८६ (इथे 'सीडी' म्हणजे फोल्डर बदलण्याची आज्ञा, तबकडी नव्हे)
विनएनटी

पहिली ओळ विसरू नका. स्मार्टड्राइव्ह ही डिस्कची कॅश आहे. ती नसताना हजारो छोट्या फायली कॉपी व्हायला तासन्‌तास लागतात आणि माणूस यंत्र लटकलं समजून बटण दाबतो. ९८ ऐवजी विंडोज एमई (मिलेनियम एडिशन) असेल तर ही वाट नाही, कारण त्यात डॉसमध्ये उतरण्याची सोय काढून टाकली आहे. जुनं विंडोज एनटी ४ टाकणाऱ्यांनी विनएनटी पुढे /बी जोडावं. नाहीतर ते फ्लॉप्या बनवायलाच बसतं.

आय३८६ कॉपी करायच्या आधीच विंडोज गेलं असेल तर डॉसमध्ये सीडी दिसायला हवी. त्याची सामग्री ९८ ने आधीच डिस्कवर ठेवलेली असते: विंडोज\कमांड\ईबीडी मध्ये ओकसीडीरॉम.सिस (सीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर) आणि विंडोज\कमांड मध्ये एमएससीडीईएक्स (ड्राइव्हला अक्षर देणारा प्रोग्राम). पहिली फाइल कॉन्फिग.सिस मध्ये 'डिव्हाइस=' लिहून चढवायची, दुसरी ऑटोएक्झेक.बॅट मधून, आणि दोन्हींत /डी: पुढे एकच नाव द्यायचं, उदाहरणार्थ एमएससीडी००१. नाव जुळलं नाही तर ड्राइव्ह दिसत नाही. निम्म्या तक्रारी याच एका अक्षराच्या.

डिस्क कोरी झालीच असेल तर? ती काढा आणि एक्सपी किंवा २००० चालणाऱ्या दुसऱ्या संगणकाला जोडा. लॅपटॉपची अडीच इंची आयडीई डिस्क ४४ पिनांची असते, डेस्कटॉपची केबल ४० ची. मध्ये साधा अडॅप्टर लागतो. पिन १ ची बाजू नीट बघून लावा, उलटी लावली तर डिस्क जळू शकते. तिच्यावर एक प्रायमरी फॅट३२ पार्टिशन करा, समजा तिला तिथे ई अक्षर मिळालं, आणि त्या संगणकावर सीडीतल्या आय३८६ मधून हे चालवा:

विनएनटी३२ /सिसपार्ट:ई /टेम्पड्राइव्ह:ई

दोन्ही जोडण्या बरोबर लागतात, आणि ही सोय ९८ मधून चालत नाही. सेटअप आपल्या फायली त्या डिस्कवर ठेवतं, पार्टिशन ॲक्टिव्ह (बूट होण्याजोगं) करतं आणि थांबतं. यंत्र बंद करा, डिस्क लॅपटॉपमध्ये परत बसवा. पहिल्याच सुरुवातीला निळा सेटअप पुढे चालू होतो. अक्षर मात्र दोनदा तपासा, नाहीतर त्या दुसऱ्या संगणकावरच नको ती स्थापना सुरू व्हायची. डिस्क परत बसवल्यावर 'एनटीएलडीआर (विंडोज उठवणारी फाइल) सापडत नाही' असं आलं किंवा नुसता लुकलुकणारा कर्सर दिसला, तर पार्टिशन ॲक्टिव्ह आहे का ते पाहा. असेल, तर डिस्कच्या भूमितीचा घोळ असतो: यूएसबी डब्यातून किंवा वेगळ्या बायोसवर पार्टिशन केलं की हेडची संख्या २५५ धरली जाते, आणि काही लॅपटॉप २४० मोजतात. पार्टिशन थेट आयडीई केबलवर, शक्यतो तशाच जुन्या यंत्रात करणं हा त्यावर उपाय.

यूएसबीवरून बूट करायचंच असेल तर प्लॉप नावाचा छोटा बूट मॅनेजर आहे. तो बायोसला विचारत न बसता स्वतःच्या ड्रायव्हरने सीडी आणि यूएसबी उठवतो. ग्रबफॉरडॉस या दुसऱ्या बूट प्रोग्रामची ग्रब.ईएक्सई ही फाइल डॉसमधून चालवून तिच्यातून प्लॉप सुरू करता येतो, म्हणजे मास्टर बूट रेकॉर्डला (डिस्कच्या सुरुवातीची बूट नोंद) हात लावावा लागत नाही. लिनक्स टाकणाऱ्यांना हाच रस्ता सोपा. पण तुमच्या काळातल्या लॅपटॉपवर यूएसबी १.१ असतं, सेकंदाला जेमतेम १ एमबी, संयम हवा.

शेवटी, हा धागा वाचणाऱ्या दुसऱ्या गटासाठी: यंत्र नवं, साटा (आयडीईनंतरच्या जोडणीची) डिस्क, आणि एक्सपीचं सेटअप एफ६ दाबल्यावर ड्रायव्हर फक्त ए ड्राइव्हवरूनच मागतं. तिथे बायोसमध्ये साटाचा मोड एएचसीआयवरून (साटाची नवी पद्धत) आयडीई किंवा कम्पॅटिबल (जुनी पद्धत) करा, ड्रायव्हर लागतच नाही. तो पर्याय नसेल तर एनलाइटने (विंडोजची सीडी बदलून बनवणारा प्रोग्राम) तो ड्रायव्हर 'टेक्स्टमोड' प्रकारात सीडीत मिसळून नवी सीडी लिहा, आणि यादीतला नेमका तुमचाच कंट्रोलर निवडा. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह विकत घेऊ नका. एक्सपीचं सेटअप मोजकीच मॉडेलं ओळखतं, बाकीची एफ६ ला चालतात आणि फायली कॉपी करताना तीच फ्लॉपी पुन्हा मागून अडतात. आयडीई मोडमध्ये विंडोज बसवल्यावर ड्रायव्हर न टाकता मोड परत एएचसीआय केलात तर ७बी क्रमांकाचा निळा पडदा येईल. विंडोज बिघडलेलं नसतं, त्याला डिस्क दिसत नसते. मोड मागे घेतला की पुन्हा उठतं.

काम झाल्यावर सी वरचा आय३८६ पुसू नका. पुढे प्रिंटर किंवा एखादा घटक जोडताना विंडोज सीडी मागतं, तेव्हा हाच फोल्डर दाखवायचा. दरवेळी विचारत असेल तर रजिस्ट्रीत लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, सेटअप असं उतरत जा आणि सोर्सपाथ या नोंदीत सी:\ एवढंच लिहा. आय३८६ हे नाव तिथे जोडायचं नाही, ते विंडोज स्वतः जोडतं.