नखरेल मुलाची ही ब्रिटिश मालिका मी माझ्या चौदा वर्षांच्या मुलाबरोबर बघू का?

ताई, इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही बडोद्यात मांजलपूरला राहता. मुलगा नववीत आहे. बोलताना हात नाचवतो, चाल नाजूक आहे, नवरात्र जवळ आलं की ओढण्या, लटकणं आणि काजळ यांतच त्याचा जीव. या वर्षी त्याला भरगच्च आरशांचं केडियू, म्हणजे गरब्यात घालतात तो घेरदार अंगरखा, हवं आहे. एका मैत्रिणीने तुम्हाला ‘ब्यूटिफुल पीपल’ या मालिकेचे सगळे भाग दिले आणि म्हणाली, त्याला घेऊन बघ. तुम्हाला दोन गोष्टींची धास्ती आहे. ही मालिका अशा मुलांची टर उडवते का, आणि ती बघून मुलगा ‘त्या वळणाला’ लागेल का.

दुसरीचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे. नाही लागणार. मी १९९७ साली तेरा वर्षांचा होतो, याच बडोद्यात. आमच्या घरातल्या टीव्हीवर माझ्यासारखा एकही मुलगा कधी दिसला नाही. जे बघितलं त्यात सगळे नायक नायिकांच्याच मागे धावत होते, आणि तरी मी गे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्याकडच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर केलं. मुलाला ‘बरं’ करून देतो म्हणणारा डॉक्टर भेटला तर तिथून उठून या. असा उपचार करणं हे २०२२ पासून डॉक्टरांच्या बाबतीत व्यावसायिक गैरवर्तन मानलं जातं.

आणि हेही लक्षात ठेवा की नाजूक चालणारा प्रत्येक मुलगा गे नसतो. तुमचा मुलगा काय आहे ते अजून त्याचं त्यालाही कदाचित ठाऊक नसेल. ते त्याला त्याच्या वेळेला कळू द्या.

आता मालिकेकडे येतो. बीबीसी टूवर ती २००८ आणि २००९ मध्ये दोन हंगामांत आली, प्रत्येकी सहा भाग. सायमन डूनन या खऱ्या माणसाच्या आठवणींवरून जोनाथन हार्वी यांनी ती लिहिली. डूनन हे न्यूयॉर्कच्या बार्नीज या बड्या दुकानाच्या दर्शनी खिडक्या सजवण्यासाठी प्रसिद्ध झाले. त्यांचं बालपण लंडनच्या पश्चिमेला असलेल्या रेडिंग गावात गेलं. सरळ रेषेतली घरं, शेजाऱ्यांची नजर, आणि लंडन इतकं जवळ की रोज स्वप्नात यावं. आपल्याला मुंबई जशी वाटायची तसंच. रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी तिथे, पण बसू कोण देतंय?

मूळ माणूस १९५२ चा, पण मालिकेने गोष्ट १९९७ मध्ये आणून ठेवली आहे. सायमन तेव्हा तेरा-चौदाचा. त्याचा जिवलग मित्र काइल, जो स्वतःला काइली म्हणवून घेतो. मोठी बहीण आहे, आई डेबी, वडील अँडी, आणि घरातच राहणारी, डोळ्यांनी न दिसणारी हेली आंटी. आईचं काम ऑलिव्हिया कोलमन यांनी केलंय, ज्यांना पुढे २०१९ मध्ये ऑस्कर मिळालं. हेली आंटी म्हणजे भारतीय वंशाच्या मीरा स्याल. मोठा झालेला सायमन न्यूयॉर्कमध्ये आपल्या जोडीदाराला जुनी एकेक गोष्ट सांगतो आणि त्यातून भाग उलगडतो. भागांची नावंही तशीच, अमुक वस्तू मला कशी मिळाली.

टर उडवते का, याचं उत्तर याच मांडणीत आहे. गोष्ट तो मुलगाच सांगतो, मोठा होऊन, सुखात बसून. त्यामुळे कॅमेरा कायम त्याच्या बाजूला उभा असतो. सायमन आणि काइलीला नट्टापट्टा आवडतो, गाणी आवडतात, मोठ्या शहरातली दिमाखदार माणसं आवडतात, आणि मालिका या आवडींना हसत नाही. चिमटे हेच दोघं काढतात. हसू येतं ते शेजाऱ्यांच्या बडेजावाचं आणि मोठ्यांच्या खोट्या प्रतिष्ठेचं. आपल्याकडच्या विनोदी कार्यक्रमांत पुरुषाने पदर खांद्यावर घेतला की त्याने तोंड उघडायच्या आधीच हशा पिकतो. तो हशा माझ्या वर्गात दुसऱ्या दिवशी माझ्या वाट्याला यायचा. या मालिकेत तसा एकही हशा मला आठवत नाही.

एक सांगतो, भाषा सैल आहे आणि मोठ्यांचं दारू पिणं आणि वाह्यात बोलणं आहे. म्हणून पहिले दोन भाग तुम्ही एकट्याने बघा, मग ठरवा. चौदा वर्षांच्या मुलाला झेपणार नाही असं मला वाटत नाही, पण आई शेजारी बसलेली असताना कुठे अवघडायला होईल ते तुम्हाला आधी माहीत हवं.

ही मालिका हलकीफुलकी दिसते, पण तो काळ हलका नव्हता. इंग्लंडमध्ये १९८८ पासून एक कायदा होता, कलम २८. त्यानुसार स्थानिक सरकारी यंत्रणेने समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करायचा नाही, आणि त्या भीतीने शाळेतले शिक्षक अशा मुलांविषयी तोंड उघडेनासे झाले. १९९७ मध्ये तो लागू होता, तिथे तो २००३ मध्ये गेला. आपल्याकडे समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं, त्याच ब्रिटिशांनी १८६० मध्ये केलेलं कलम ३७७ होतं. ही मालिका मी पहिल्यांदा बघितली ती मुंबईत, भाड्याच्या खोलीत. तिचा पहिला हंगाम संपला तेव्हा मी कायद्याने गुन्हेगार ठरू शकत होतो. दुसरा येण्याआधी, २ जुलै २००९ ला, दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल आला आणि काही काळ तरी ते ओझं उतरलं. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ते परत खांद्यावर ठेवलं आणि ६ सप्टेंबर २०१८ ला कायमचं उतरवलं. तुमचा मुलगा ते ओझं न घेता मोठा होतोय, हे माझ्यासाठी फार मोठं आहे.

आता माझ्या घरातलं सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात एक जागा रिकामी आहे आणि ती मला दिसते.

आमचं घर मकरपुऱ्याच्या बाजूला, सोसायटीत. बाबा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, पाळीची नोकरी. बैठकीत बालगंधर्वांचा फोटो होता, शालू नेसलेला, नाकात नथ. आजीने तिच्या लहानपणी त्यांना रंगमंचावर बघितलं होतं. पाहुणे आले की बाबा अभिमानाने सांगायचे की बायका त्यांच्याकडे बघून पदर घ्यायला शिकल्या. आणि त्याच फोटोखाली मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो की तेच बाबा म्हणायचे, “नीट उभा राहा.” नीट म्हणजे कसं ते मला कधी उमजलं नाही.

१९९७ च्या नवरात्रात मी आजीच्या एका विरलेल्या लाल शालूचा जरीचा काठ सोडवून माझ्या केडियूच्या घेराला लावला. हाताने. रोज दुपारी, आई झोपली की. आठ दिवस लागले. अष्टमीला ते घालून मी सोसायटीच्या गरब्यात गेलो, मुलींच्या ओळीत. तीन टाळीचा गरबा चालू होता. माझ्या फिरकीला घेर असा उघडला की काठावर दिव्यांचा उजेड फिरत होता. मग कठड्यावर बसलेल्या पोरांतला एक ओरडला, “एय बायलो!” आणि सगळे हसले. बाबा तिथेच चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांनी येऊन माझं मनगट धरलं आणि मला घरी आणलं.

त्यांनी मारलं नाही. दिवा लावला, जमिनीवर बसले, दाढीचं ब्लेड घेतलं आणि केडियूचा काठ उसवायला लागले. एकेक टाका. जर कुठे तुटू न देता, कापड न ओढता. कामगार माणूस, हाताला सफाई. मी समोर उभा होतो, त्यांनी वर बघितलं नाही. आजी आतून म्हणाली, “गंधर्वांच्या काठाला कुणी असं ब्लेड लावलं असतं का रे?” बाबा काहीच बोलले नाहीत. काठ पूर्ण निघाल्यावर त्याची नीट घडी घालून त्यांनी ती आईच्या हातात दिली आणि झोपायला गेले. रात्रपाळी नव्हती तरी दुसऱ्या दिवशी दिवसभर झोपले.

म्हणून मालिका बघताना मला आई डेबीपेक्षा वडील अँडीने जास्त हलवलं. आईचा जीव पडद्यावर पुष्कळदा दिसतो. साध्या घरातला, फार न बोलणारा बाप, ज्याला आपला नखरेल मुलगा चारचौघांत बघून मान खाली घालावीशी वाटत नाही, तो मी पंचविसाव्या वर्षापर्यंत कुठे बघितलाच नव्हता. त्याचे प्रसंग मी मागे नेऊन नेऊन बघितले.

ताई, तुम्ही एवढा मोठा प्रश्न लिहिला, त्यात मिस्टरांचा उल्लेख एकदाही नाही. का ते मी विचारत नाही. पण मालिका कुणाबरोबर बघायची असेल तर आधी त्यांच्याबरोबर बघा. आपण इतरांपेक्षा वेगळे आहोत हे मुलाला जाणवलेलं असतंच. घरात कोण आपल्या बाजूचं आहे, हे त्याला माहीत नसतं, आणि ते त्याला टीव्हीतून कळणार नाही, तुमच्या दोघांच्या वागण्यातून कळेल.

मुलाबरोबर बघाल तेव्हा एक करू नका. मालिका लावून त्याच्या तोंडाकडे बघत बसू नका. तो कुठे हसला, कुठे गप्प झाला, याचा हिशोब ठेवू नका. भाग संपल्यावर “तुला काही सांगायचंय का?” असं विचारू नका. अशा मुलांना नजर फार लवकर कळते, आमचा सगळा अभ्यास तोच असतो. शेंगा सोलत बसा, पापड भाजा, मधेच उठून दूध बघा. आणि त्याला बघायचं नसेल तर बंद करा. कुणी नातेवाईक घरी बसलेले असताना तर अजिबात लावू नका.

बोलायचंच असेल तर गोष्टीतल्या माणसांबद्दल बोला. हेली आंटी किती भन्नाट आहे, शेजारीण किती आगाऊ आहे. हवं तर त्याला हेही सांगा की हे सगळं फक्त विलायतेतलं नाही. भूपेन खख्खर १९६२ मध्ये आपल्या बडोद्यात आले, पेशाने चार्टर्ड अकाउंटंट, आणि इथेच राहून त्यांनी दोन पुरुषांच्या प्रेमाची चित्रं उघडपणे काढली. ‘सगळ्यांना खूश करता येत नाही’ अशा अर्थाचं नाव असलेलं त्यांचं १९८१ चं चित्र आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. २००३ मध्ये ते बडोद्यातच गेले. माझ्या शाळेच्या दिवसांत हे नाव मला कुणी सांगितलं असतं तर मी सायकल काढून नुसतं त्यांचं घर बघायला गेलो असतो.

बाबांचं पुढे काय झालं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्यांना वाईट समजाल. मी बडोद्याला परत आलो आणि नवरात्राच्या कपड्यांचं काम सुरू केलं, चणियाचोळी आणि केडियू, आता सहा कारागीर आहेत. दुकान उघडलं त्या दिवशी आईने तो काठ आणून दिला. त्याच घडीत होता. बाबा निवृत्त झाल्यापासून श्रावणात सकाळी येऊन बसतात आणि लटकणांचे गठ्ठे मोजतात. बारा-बाराचे. त्या अष्टमीबद्दल आम्ही आजवर बोललेलो नाही. गेल्या वर्षी तुमच्या मुलाच्या वयाचा एक मुलगा वडिलांबरोबर आला होता, त्याला जास्त घेर हवा होता आणि वडील “एवढा कशाला” म्हणत होते. बाबांनी मोजता मोजता मान वर न करता सांगितलं, “घेर कमी असला तर फिरकी उघडत नाही.” त्या माणसाने मग चौदा कळ्यांच्या घेराला हो म्हटलं.

तुमच्या मुलाच्या केडियूबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. आरसे भरगच्च हवे असतील तर कापड सुती घ्या आणि शिवायच्या आधी एकदा पाण्यात भिजवून वाळवा. नाहीतर पहिल्या धुण्यात कापड आटतं, आरशांभोवतीचे टाके ओढले जातात आणि दुसऱ्या वर्षी निम्मे आरसे गळतात. बगलेत आणि पाठीच्या मधोमध आरसे लावू नका, घाम येतो आणि टोचतात. ते सगळे घेराला आणि बाह्यांच्या टोकाला लावा, उजेड तिथेच पकडतात.