शिकताना गेले, म्हणून युद्धात गेले नाहीत का?

प्रश्न : माझ्या आजोबांचे धाकटे बंधू १९४३ साली हवाई दलात भरती झाले आणि पुढच्याच वर्षी अंबाल्याला प्रशिक्षणाचे विमान कोसळून वारले. त्यांची तसबीर आणि तेव्हा आलेली तार घरात जपून ठेवली आहे. पण विषय निघाला की थोरली माणसे म्हणतात, "तो लढाईत नाही, शिकताना गेला." त्यांचा मृत्यू युद्धातला मानावा का, आणि त्यांचे नाव कुठे नोंदलेले असेल?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपल्या आजोबांच्या बंधूंचा मृत्यू युद्धातलाच आहे, आणि हे केवळ आपले समाधान व्हावे म्हणून लिहीत नाही. त्या काळच्या लष्करी नोंदींत 'लढाईत मृत' आणि 'सक्रिय सेवेत मृत' असे दोन वेगळे शेरे असत. विमान अपघातात गेलेल्यांच्या नावापुढे दुसरा शेरा येई, आणि घरोघरी त्याचा अर्थ "लढाईत नाही" एवढाच लावला गेला. प्रत्यक्षात राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, म्हणजे महायुद्धांतल्या मृतांच्या नोंदी व समाध्या राखणारी संस्था) ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सैन्यसेवेत असताना मृत्यू पावलेल्या प्रत्येकाची नोंद युद्धमृत म्हणूनच ठेवतो. मृत्यू शत्रूच्या गोळीने झाला की शिकाऊ विमानात, असा भेद तो करत नाही.

असे मृत्यू थोडेथोडके नव्हते. ब्रिटनच्या बॉम्बर दलाचे एकूण ५५,५७३ वैमानिक व त्यांचे सहकारी त्या युद्धात गेले, आणि त्यांतले ८,००० हून अधिक प्रशिक्षणात किंवा मोहिमेबाहेरच्या अपघातांत गेले. अमेरिकेत तर शत्रूचे विमान दृष्टीसही न पडता सुमारे १५,००० हवाई सैनिक मायदेशातच मृत्युमुखी पडले.

इतके अपघात का होत, हे समजून घेतले की "शिकताना" या शब्दातला हलकेपणा गळून पडतो. आपल्याकडे बेगमपेठ आणि जोधपूर येथील शाळांत मुले आधी टायगर मॉथवर शिकत आणि तेथून अंबाल्याला अधिक ताकदीच्या विमानांवर जात. टायगर मॉथ हे उघड्या बैठकीचे, दोन पंखी विमान. शिक्षक पुढे, विद्यार्थी मागे, आणि दोघांतले बोलणे एका नळीतून चाले. वेग एका मर्यादेखाली गेला आणि नाक वर राहिले की पंखांना हवेचा आधार उरत नाही, एक पंख आधी खाली जातो आणि विमान गिरकी घेत पडू लागते. यातून बाहेर पडण्याची रीत शिकवलेली असे, परंतु तिला उंची लागते, आणि उतरण्याच्या बेतातल्या विमानाकडे ती नसते. उड्डाण करताच इंजिन बंद पडले, तर शिकाऊ वैमानिकाचे मन मागे धावपट्टीकडे धाव घेई. त्या वळणातच वेग संपून कित्येक जण गेले, म्हणून शिक्षक समोरच्या शेतात सरळ उतरायला बजावत. यात युद्धाच्या घाईची भर होती : शांततेच्या काळात सावकाश दिले जाणारे शिक्षण थोडक्या महिन्यांत उरकले जाई आणि विमानांवर दिवसभर उड्डाणांचा ताण असे. कोल्हापूरचा विमानतळ राजाराम महाराजांच्या पुढाकाराने १९३९ मध्ये उभा राहिला होता. ज्या पिढीने विमान जेमतेम डोळ्यांनी पाहिले होते, तिच्यातल्या मुलांकडून ही विद्या इतक्या लवकर अवगत करून घेतली जात होती, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आता नावाविषयी. आपल्या आजोबांच्या बंधूंचे दहन हिंदू रीतीने झालेले असणार, म्हणून खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत त्यांचे थडगे शोधू नये. अविभाजित भारताच्या सैन्यातील जे २५,००० हून अधिक लोक रणक्षेत्राबाहेर मृत्यू पावले आणि ज्यांचे दहन झाले किंवा ज्यांच्या कबरी राखता आल्या नाहीत, त्यांच्यासाठी दिल्ली छावणीतील युद्ध स्मशानभूमीत स्मृतिग्रंथ ठेवलेला असून कराचीलाही तसेच स्मारक आहे. शोध तेथूनच सुरू करावा. आयोगाच्या संकेतस्थळावर आडनावाने नोंद शोधता येते. मात्र मराठी आडनावे रोमन लिपीत लिहिताना कारकून हवी तशी लिहीत, म्हणून तीन-चार प्रकारे लिहून पाहावे. तारेवर सेवा क्रमांक असेल तर तो सर्वांत भरवशाचा. तो नसेल, तर घरातल्या थोरल्यांना आत्ताच विचारून ठेवा की अस्थी पंचगंगेवर आणल्या होत्या का आणि त्या कोण घेऊन आले होते, कारण दहन कोठे झाले याचा धागा बहुधा त्या आठवणीतच सापडेल.