बाटलीत पाणी कोण घालतं?

"मॅडम, एक मात्र मी केलं. मुलांना यातलं काही कळू दिलं नाही."

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीचा तास संपला होता. पर्स खांद्याला लावून दाराशी गेल्यावर त्या हे म्हणाल्या, अगदी अभिमानाने. तासभर फक्त हरल्याच्या गोष्टी सांगून झाल्यावर हातात उरलेली ती एकच जिंकलेली गोष्ट होती. मी मान डोलावली. त्या वेळी एवढंच करता आलं.

आई किंवा वडील दारू पितात अशा बहुतेक घरांतून हे वाक्य माझ्याकडे येतं. त्याच्या पोटात एक प्रश्न असतो: मुलांना सांगावं का? सांगितलं तर त्यांच्या मनातून बाप उतरेल का? या कुटुंबाची गोष्ट त्यासाठीच सांगते आहे. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नवरा गेली 9 वर्षं पीत होता, त्यातली शेवटची 3 रोज. त्यांनी करायचं ते सगळं करून पाहिलं होतं. शपथा घातल्या, बाटल्या बेसिनमध्ये ओतल्या, पगार ताब्यात घेतला, महिनाभर अबोला धरला. सकाळी नवऱ्याला उठवेना की त्याच्या ऑफिसात फोन करून "ताप आहे" असं सांगणंही त्यांच्याकडेच होतं. हे सांगताना त्यांना ते 'उपायां'त मोजावंसं वाटलं नाही. ते घरकामात धरलेलं होतं.

आणि एक नवं भांडण सुरू झालं होतं. नवरा म्हणायचा, तू माझ्या बाटलीत पाणी घालतेस. "मी घालत नाही हो. मी ती बाटली हातातसुद्धा घेत नाही. यांना भास व्हायला लागलेत का?"

मी वहीत लिहिलं: 'संशय? डॉक्टरांना विचारणे.' खूप वर्षं पिणाऱ्या माणसात संशयीपणा दिसतो, त्यामुळे माझा तर्क अगदीच चुकीचा नव्हता. पण पाणी खरंच कोणी घालत असेल का, हा साधा प्रश्न मला सुचला नाही. ते पान अजून माझ्याकडे आहे.

दुसऱ्या भेटीत त्या धाकट्या दिराचा सल्ला घेऊन आल्या. जोडून सुट्ट्या आल्या होत्या. चार दिवस खोलीत कोंडायचं, घरातली दारू फेकून द्यायची, आपोआप उतरेल. दीर स्वतः दाराशी बसायला तयार होता. माणूस प्रेमाचा, पण सल्ला जिवावर बेतणारा.

मी विचारलं, सकाळी यांचे हात थरथरतात का? "हो, कपाची बशी वाजते. थोडी घेतली की थांबतं." म्हणजे शरीर दारूवर अवलंबून झालेलं होतं. दारू मेंदूला वर्षानुवर्षं दाबून ठेवते आणि मेंदू तो दाब गृहीत धरूनच चालायला शिकतो. दाब एकदम निघाला की तो उसळतो. 6 ते 24 तासांत कापरं, घाम, धडधड सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो: माणसं ओळखू येत नाहीत, नसलेलं दिसतं, ताप चढतो. वेळेवर उपचार नसतील तर त्यात माणूस दगावतो. दिराने ठरवलेले चार दिवस नेमके तेच होते. रोज पिणाऱ्याची दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ते औषधं देऊन हा उसळा शांत ठेवतात आणि मेंदूला इजा होऊ नये म्हणून बी-1 जीवनसत्त्वही देतात.

मग दुसरा ठरलेला प्रश्न आला: "त्यांना न कळता देता येईल असं काही औषध असतं ना?" असतं ते डायसल्फिराम. त्यावर दारू घेतली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, क्वचित जीवही जातो. शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. म्हणून ते रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनेच देतात. चोरून देऊ नका. कोणी चोरून देण्यासाठी पुडी देत असेल, तर त्या माणसापासून लांब राहा.

तोवर मुलं आमच्या बोलण्यात कुठेच नव्हती. तिसऱ्या भेटीला त्या थोरलीला घेऊन आल्या, तेही वेगळ्याच कारणासाठी. मुलगी 11 वर्षांची, पोटात दुखतं म्हणून शाळा बुडत होती आणि तपासण्यांत काही निघत नव्हतं. आई बाहेर बसली.

थोरली खुर्चीच्या टोकावर बसली, दार दिसेल अशी. मी आधी नियम सांगितला: तू जे बोलशील ते माझ्यापाशी राहील. मात्र तुला किंवा कोणाला धोका आहे असं वाटलं तर मला मोठ्यांना सांगावं लागेल, आणि ते मी तुला आधी सांगेन. मग म्हटलं, "माझ्याकडे येणाऱ्या काही मुलांच्या घरी आई किंवा बाबा दारू पितात. ती मुलं सांगतात की त्यांना दारातूनच कळतं, आज कसं असणार आहे ते."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "किल्लीवरून."

"म्हणजे?"

"एकदाच लागली तर बरं असतं. दोन-तीनदा घासली की मी भावाला दात घासायला नेते. बाथरूमचा नळ सोडला की बाहेरचं ऐकू येत नाही."

"आणि त्याने आधीच घासलेले असले तर?"

"परत घासतो. कधीकधी तीनदा होतात. तो काही म्हणत नाही."

भाऊ 6 वर्षांचा. मुलांना काही कळू दिलं नाही, असं आई ज्या घराबद्दल म्हणत होती, ते हे घर.

पाण्याचं तिने शेवटी सांगितलं, खालच्या आवाजात, पण एखाद्या कामाची रीत सांगावी तसं नीटस. "लेबलवर पेन्सिलने बारीक रेघ मारून ठेवायची. सकाळी बघायचं किती गेली. मग बोटभर पाणी घालायचं. जास्त घातलं की रंग फिका होतो." तेवढी तरी कमी जाईल बाबांच्या पोटात, असा तिचा हिशोब होता. पण त्यावरून भांडणं व्हायला लागली. आता पाणी घातलं तर आई बोलणी खाते, नाही घातलं तर बाबा जास्त पितात, आणि दोन्हीकडून दोष तिचाच. गणितात कमी मार्क पडले त्या रात्री बाबा जास्त प्याले होते, हेही तिने जमेस धरलं होतं.

पोट दुखणार नाही तर काय होईल?

दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी 1951 मध्ये अमेरिकेत अल-अनॉन हा मदतगट सुरू झाला. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे एए त्याआधी 1935 मध्ये निघाला होता. मीटिंगला आलेल्या नवऱ्यांच्या बायका बाहेर थांबायच्या, त्यांचं त्यांचं बोलणं सुरू झालं आणि त्यांचे गट झाले. किशोरवयीन मुलांसाठीचा अलाटीन 1957 पासून आहे. या गटांत तीन वाक्यं धरून चालतात: हे मी घडवलेलं नाही, हे मी आवरू शकत नाही, हे मी बरं करू शकत नाही. मी ती थोरलीला सांगितली. गणिताचे मार्क, तुमची भांडणं, तू केलेला हट्ट, यातल्या कशामुळेही माणसाला हा आजार होत नाही. आणि पाणी घालणं ही तुझी ड्युटी नाही, ती आजपासून बंद.

तिने माझ्याकडे पाहिलं. "मग कोण घालणार?"

याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. "कोणीच नाही," मी म्हटलं. तिला ते पटलं नाही, आणि पुढच्या दोन भेटींतही पटलं नाही. ज्या मुलाने घर सांभाळायला घेतलंय त्याच्या हातून ते काढून घेताना त्याला हलकं वाटेल असं आपण धरून चालतो. आधी त्याला भीती वाटते, कारण त्याच्या लेखी घर त्याच्या त्या बोटभर पाण्यावर उभं असतं.

आईला सांगायचं तिने स्वतः ठरवलं, माझ्यासमोर. ऐकून आई रडतील असं मला वाटलं होतं. त्या कितीतरी वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे हे खरं बोलत होते." दोन महिने त्यांनी नवऱ्याला भास होतात म्हणून ऐकवलं होतं.

हे नवऱ्याला सांगायचं का, यावर आम्ही बराच खल केला. माझी अट होती की भांडणात हे हत्यार म्हणून निघता कामा नये. तसं झालं तर बाप पुन्हा प्यायल्यावर मुलगी म्हणणार, मी सांगूनही थांबले नाहीत. आईंनी एका सकाळी, नवरा शुद्धीवर असताना, दोन वाक्यांत सांगितलं. ते ऐकून उठले, आंघोळीला गेले आणि त्या रात्री बाहेरून पिऊन आले. मुलीचं कळलं आणि बापाचे डोळे उघडले, असं काही झालं नाही. डोळे उघडले ते ऑफिसच्या पत्राने. आईंनी तापाचे फोन बंद केल्यावर दोन महिन्यांत ते आलं. फोन बंद करणं हा माझ्या मते त्या घरातला सगळ्यांत अवघड निर्णय होता. नोकरी गेली असती तर झळ चौघांनाही बसणार होती, म्हणून आधी पैशांची थोडी सोय केली, मगच फोन थांबवले. घरात मारहाण असती तर हा क्रम मी ठेवला नसता. तिथे आधी सुरक्षित जागा, कागदपत्रं आणि एका फोनवर धावून येणारं माणूस, बाकी सगळं नंतर.

मुलांशी बोलायचं कसं, याची आम्ही अक्षरशः तालीम केली. आईंना 'आजार' हा शब्द उच्चारता येईना, 'बाबांना बरं नसतं' यावर गाडी अडायची. शेवटी ठरलं ते असं: "बाबांना दारूचा आजार आहे. तो तुमच्यामुळे झालेला नाही. तो बरा करायचं काम डॉक्टरांचं आणि बाबांचं. भीती वाटली तर मला उठवायचं, मी झोपले असले तरी." धाकट्यासाठी पहिली दोन आणि शेवटचं वाक्य पुरलं. बाबा आता सोडणार आहेत असं वचन त्यात नव्हतं, कारण ते आईच्या हातात नव्हतं. 'घरातलं बाहेर बोलायचं नाही' हेही काढून टाकलं. थोरलीने आत्याला आणि वर्गशिक्षिकेला सांगितलं तर चालणार होतं. आणि बाबा प्यायलेले असतील तर त्यांच्या गाडीवर बसायचं नाही, त्यांनी कितीही आग्रह केला तरी. बाबांना नावं ठेवायची नाहीत हे मात्र मी आईंना बजावलं. मुलीला बाप आवडत होता, आणि ते लपवायची पाळी तिच्यावर यायला नको होती.

पुढे ते उपचारांना गेले. आधी दवाखान्यात दारू उतरवली, मग व्यसनमुक्ती केंद्र, मग एएच्या मीटिंगा. थोरलीचं पोट दुखायचं कमी झालं, बंद झालं नाही. पाचव्या महिन्यात ते घसरले. या आजारात घसरण होते, आणि ती झाली म्हणून आधीचे उपचार वाया गेले असं मी मानत नाही. पण घरच्यांना त्या रात्री असं सांगून उपयोग नसतो.

दुसऱ्या दिवशी आई आल्या. चेहरा ओढलेला, पण बोलणं सरळ.

"रात्री थोरलीने मला हलवून उठवलं. म्हणाली, आई, किल्ली तीनदा लागली. आणि जाऊन आपल्या अंथरुणात पडली."

"मग तुम्ही काय केलंत?"

"दार उघडलं. यांना म्हटलं, बाहेरच्या खोलीत झोपा, सकाळी डॉक्टरांकडे जायचंय. आणि तिच्या शेजारी जाऊन आडवी झाले."

"धाकटा?"

"तो कशाला उठतोय. झोपलेला होता."